यकृताचा हरवलेला हुन्नर

शेळी, कुत्रा, मांजर, उंदीर यांना जन्मभर लिंबाची फोड चाखावयास मिळाली नाही, तरी त्यांच्या हिरड्यांतून रक्त येत नाही की स्कर्व्ही त्यांच्या वाटेला जात नाही. कारण ज्याला आपण क जीवनसत्त्व म्हणतो ते त्यांचे यकृत साध्या ग्लुकोजपासून स्वतःच सिद्ध करीत असते. मनुष्य, वानर, गिनीपिग आणि बरीचशी वटवाघळे यांना ही मुभा राहिलेली नाही. या घडणीची अखेरची पायरी पुरी करणाऱ्या विकराचा जनुक आपल्या आठव्या गुणसूत्रावर आजही आहे, परंतु मोडक्या आणि निकामी अवस्थेत. कलकत्त्याचे संशोधक इंदुभूषण चटर्जी यांनी १९७३ साली या हुन्नराची वंशावळच मांडली होती: बेडूक आणि सरपटणारे प्राणी यांच्यात हे काम मूत्रपिंडाकडे असते, सस्तन प्राण्यांत ते यकृताकडे येते आणि आपल्यापर्यंत पोहोचता पोहोचता ते कोणाकडेच उरत नाही.

हे काम यकृताकडेच असावे यात एक औचित्य आहे. गेल्या शतकाच्या चाळिशीच्या सुमारास संशोधकांना असे आढळले की, उंदरांना काही गुंगीची औषधे दिली असता त्यांच्या मूत्रातून क जीवनसत्त्व एकाएकी मोठ्या प्रमाणात बाहेर पडू लागते. परके द्रव्य शरीरात शिरले की त्याला ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड देऊन मूत्रावाटे वा पित्तावाटे त्याची रवानगी करणे, हा यकृताच्या नित्याच्या कारभाराचा भाग आहे; आणि उंदराच्या शरीरात क जीवनसत्त्वाची वाटही याच ग्लुकुरॉनिक आम्लापासून फुटत असल्यामुळे, विषाचा निचरा वाढला की या रक्षक द्रव्याची निपजही आपोआप वाढते. मनुष्याच्या यकृतावर विषाचा प्रसंग ओढवतो तेव्हा त्याला मात्र ताटातून आलेल्या शिधासामग्रीवरच भागवावे लागते.

हा प्रसंग कसा ओढवतो ते पाहण्यासाठी दूर जावयास नको. घरोघरच्या औषधांच्या डब्यात असणारी पॅरासिटामॉलची गोळी पुरेशी आहे. योग्य मात्रेत घेतलेल्या या औषधाचा बहुतांश भाग यकृत निरुपद्रवी करून बाहेर घालवते. अल्पसा अंश तेवढा एका उग्र पदार्थात रूपांतरित होतो आणि ग्लुटाथिओन नावाचे द्रव्य त्याला तत्काळ निष्प्रभ करते. गोळ्यांचा अतिरेक झाला की ग्लुटाथिओनचा साठा संपुष्टात येतो, मोकाट सुटलेला तो पदार्थ पेशींतील प्रथिनांना जाऊन चिकटतो, आणि प्रत्येक यकृतखंडिकेच्या मध्यभागी असलेल्या शिरेभोवतालच्या पेशी प्रथम मरू लागतात. मेलेल्या पेशींतून सांडलेल्या द्रव्यांमुळे यकृतातील भक्षकपेशी जाग्या होतात, त्यांच्या सांगाव्यावरून रक्तातील श्वेतपेशी तेथे धाव घेतात, आणि दाहाला आरंभ होतो.

दाह म्हणजे दंगलीच्या वेळचा बंदोबस्त; तो नसेल तर नासधूस आवरत नाही, आणि मर्यादेबाहेर गेला तर निरपराध्यांनाच मार बसतो. श्वेतपेशी जंतूंना व मृत पेशींना जाळण्यासाठी ऑक्सिजनची जी प्रखर रूपे निर्माण करतात, ती शेजारच्या निरोगी पेशींच्या स्निग्ध आवरणांनाही सोडीत नाहीत. क जीवनसत्त्वाची खरी कामगिरी येथे आहे. स्वतःकडचे इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकणारे हे द्रव्य त्या प्रखर रूपांना शांत करते आणि पेशीच्या आवरणात झिजलेल्या ई जीवनसत्त्वाला पुन्हा कामावर रुजू करते. श्वेतपेशी तर त्याचा संचय रक्तद्रवाच्या पन्नास पटींहून अधिक करून ठेवतात. दुसऱ्यांना जाळणाऱ्यांनी स्वतः जळू नये, याची ही तजवीजच म्हणावयाची.

येथवरचे वाचून कोणी क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली आणावयास निघाला असेल, तर त्याने थोडे थांबावे. प्रयोगशाळेतील उंदरांचे यकृत या जीवनसत्त्वामुळे विषापासून बचावल्याचे दाखले पुष्कळ दिले जातात. पण जो प्राणी हे द्रव्य स्वतःच घडवतो, त्याचा हवाला जो घडवू शकत नाही त्याच्यासाठी देणे मला धाडसाचे वाटते. त्यातून आपल्या आतड्यांचीही एक मर्यादा आहे. एका वेळी घेतलेले दोनशे मिलिग्रॅम जवळजवळ सगळे शोषले जाते, हजाराच्या पुढे निम्मेही आत येत नाही आणि जे येते त्यातले बरेचसे मूत्रावाटे निघून जाते. ज्यांना मूतखड्याची खोड आहे किंवा ज्यांच्या यकृतात लोह साचण्याचा आनुवंशिक विकार आहे, त्यांना ही उधळपट्टी बाधतेसुद्धा. दिवसाची गरज शंभर मिलिग्रॅमच्या आतबाहेरची. ती एका पेरूने सहज भागते, मग त्यासाठी औषधाच्या दुकानाची पायरी कशाला चढावयाची?

शिरेवाटे मोठ्या मात्रा देऊन भडकलेला दाह विझवता येईल, अशी आशा वैद्यकाने बरीच वर्षे बाळगली होती. सेप्सिसने अत्यवस्थ झालेल्या ८७२ रुग्णांवर ‘लोव्हिट’ या नावाची एक चाचणी झाली व तिचा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला. शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅम जीवनसत्त्व दर सहा तासांनी, चार दिवसांपर्यंत दिले गेले. त्या गटात अठ्ठाविसाव्या दिवशी मृत्यू आलेल्या अथवा इंद्रिये कामातून गेलेल्या रुग्णांचे प्रमाण ४४.५ टक्के भरले, आणि ज्यांना ते दिले नव्हते त्यांच्यात ३८.५ टक्के.

पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर आज दिले जाणारे औषध वेगळेच आहे. एन-अॅसिटिलसिस्टीन असे त्याचे नाव. ते ग्लुटाथिओनचा रिता झालेला साठा भरून काढते, आणि गोळ्या पोटात गेल्यापासून आठ तासांच्या आत सुरू झाले तर यकृताची गंभीर हानी बहुधा टळते. अडचण अशी की, पहिल्या दिवशी रोगी मळमळीपलीकडे फारशी तक्रार करीत नाही, कावीळ दिसू लागते ती पुढे दोन-तीन दिवसांनी, आणि लिंबाचे सरबत पाजून ‘सकाळपर्यंत पाहू’ म्हणणाऱ्या घरात ते आठ तास रात्रीतच सरून जातात.