प्लायवुडची किंमत (बांधकामातील)

लाकडाचे पातळ पापुद्रे, तंतूंची दिशा एकाआड एक काटकोनात ठेवून, आसंजकाने दाब व उष्णता यांखाली जोडून केलेला तक्ता म्हणजे प्लायवुड. त्याचा प्रचलित आकार २.४४ × १.२२ मी. (८ × ४ फूट) असून भाव चौ. फुटावर सांगतात.

किमतीतील मोठा वाटा लाकडाचा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने ईशान्य भारतातील वृक्षतोडीवर कडक निर्बंध आले. त्यानंतर हा उद्योग शेतांवरील पॉप्लर व निलगिरी यांकडे वळला. यमुनानगर (हरयाणा) हे केंद्र वाढले आणि भाव शेतकऱ्यांच्या लागवडीतील चढउतारांशी निगडित झाला. दर्शनी पापुद्र्यासाठी लागणाऱ्या गर्जनाच्या ओंडक्यांची निर्यातही म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून बंद केली.

आसंजकाचा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तेथे फसगत अधिक होते. यूरिया-फॉर्माल्डिहाइड रेझीन स्वस्त, पण ओलाव्यात टिकत नाही. फिनॉल-फॉर्माल्डिहाइड महाग, परंतु उकळत्या पाण्यातही पकड सोडत नाही. काँक्रीटच्या साच्यांसाठी (भारतीय मानक ४९९०) दुसऱ्या प्रकारचेच आसंजक हवे. स्वस्त तक्त्याचे पापुद्रे लवकर सुटतात व स्लॅबच्या तळाशी फुगवट्यांचे ठसे उठतात. ते गिलाव्याने झाकण्याचा खर्च सहसा कोणी प्लायवुडच्या नावे मांडत नाही. साच्याच्या तक्त्याची किंमत त्याच्या वापरांच्या संख्येने भागावी : दुप्पट किमतीचा तक्ता चौपट वेळा वापरता आला, तर प्रत्येक वापराचा खर्च निम्मा पडतो. मात्र कापलेल्या कडांना रंग न लावल्यास पाणी आत शिरून हा हिशेब फसतो.