पन्नासातले बावीस

वसई पूर्वेला गोखिवऱ्याच्या बाजूला एका कार ॲक्सेसरीजच्या दुकानावर हाताने रंगवलेली पाटी आहे : 'आधी वायरिंग बघू, मग भाव सांगू.' शेजारच्या दुकानांवर टचस्क्रीन, सीट कव्हर आणि हजार-हजार वॉटचे फलक. त्यांच्यात हा एकटा गिऱ्हाइकाला दारातच थांबवतो, याचं नवल वाटलं म्हणून आत शिरलो.

आत 2002 सालची मारुती झेन उभी होती. नंबर एमएच 04, म्हणजे वसईला स्वतःचा 48 मिळायच्या आधीची, ठाण्याची नोंद. पंधरा वर्षं भरल्यावर पाच-पाच वर्षांचं पासिंग दोनदा करून घेतलेलं. मालक निर्मळकडचे निवृत्त शिक्षक. गाडीतला मूळ कॅसेटचा टेप कधीच गेला होता, नंतर कुणीतरी बसवून दिलेला सीडीचा डेकही आता मुका झाला होता. नातवाने पेनड्राइव्ह भरून दिला होता आणि तो वाजवायला गाडीत काही नव्हतं.

"आवाज मोठा नको," सर म्हणाले. "शब्द कळले पाहिजेत."

नवा डेक काउंटरवर होता. खोक्यावर ठळक अक्षरात '50 वॉट × 4'. फिटरने खोकं माझ्याकडे सरकवलं. "पन्नासातले बावीस," तो म्हणाला. "बाकीचे खोक्याचे."

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. त्याने डेक उलटा केला आणि पाठीमागचा लाल फ्यूज नखाने दाखवला. 10 अँपिअर. "बॅटरी बाराची. बारा दाहे किती?" सरांनीच उत्तर दिलं, एकशे वीस. गाडी चालू असताना 14 व्होल्ट मिळतात असं धरलं तरी 140. चार चॅनेलचे पन्नास-पन्नास म्हणजे 200 वॉट सतत यायचे तर फ्यूज आधी उडेल, शिवाय ॲम्प्लिफायरच्या चिपमध्ये बरीच वीज उष्णता होऊन जाते ती वेगळीच. माहितीपत्रकात बारीक टायपात खरा आकडा छापलेला असतो : 22 वॉट. पन्नास हा क्षणभराचा, तोही फाटक्या आवाजातला.

आणि बावीस कमी नाहीत. साधा कोॲक्सियल स्पीकर एका वॉटवर, एक मीटर अंतरावर साधारण 90 डेसिबल देतो. बंद काचांच्या गाडीत बोलणं ऐकायला एक-दोन वॉट पुरतात. वॉट दुप्पट केले तर आवाज जेमतेम 3 डेसिबलने चढतो; कानाला दुप्पट मोठं वाटायचं तर दहापट वॉट लागतात. म्हणजे रस्त्यावरच्या फलकांची सगळी चढाओढ ज्या आकड्यावर चालते, त्या आकड्याचा सरांच्या शब्दांशी फारसा संबंध नाही. मग शब्द कशाने कळतात? हे बघायला मी थांबलो.

दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटली, जुना डेक बाहेर आला आणि त्याच्यामागून वायरींचा गुंता. आधीच्या फिटरने वायरी जोडायचा कंपनीचा कपलर कापून टाकला होता. वायरी नुसत्या पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. वीस उन्हाळ्यांत टेपचा डिंक पाझरून सगळं बोटांना चिकटत होतं. बाहेरच्या डेकच्या वायरींचे रंग बहुतेक ठरलेले असतात. पिवळी थेट बॅटरीची, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला. लाल चावी फिरवल्यावर चालू होणारी. काळी अर्थची. पांढरी-राखाडी पुढच्या स्पीकरांची, हिरवी-जांभळी मागच्या. काळी रेघ असेल ती निगेटिव्ह. इथे लाल आणि पिवळी एकत्र पिळून थेट बॅटरीला लावलेल्या. गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी उतरते, अशी सरांची जुनी तक्रार होती आणि तेवढ्यासाठी एक बॅटरी बदलूनही झाली होती.

त्याहून वाईट म्हणजे पिवळ्या वायरीवर मधे फ्यूजच नव्हता. ती पत्र्याला घासून उघडी पडली असती तर? फिटरने उत्तर दिलं नाही. वायरीचा काळपटलेला भाग कापून माझ्या हातावर ठेवला.

तो नालासोपाऱ्यात राहतो. काम शिकला ऑपेरा हाऊसच्या दुकानांत. रोज विरारहून येणाऱ्या गर्दीच्या लोकलने चर्नी रोडला. तेव्हा पुढचं पॅनल काढून खिशात घालायचे डेक होते, कारण गाडीची काच फोडून टेप पळवणं हा मुंबईतला नेमाचा उद्योग होता. "आता कोण चोरतोय?" तो हसला. नव्या गाड्यांना कंपनीची स्क्रीन येते. तिच्यातच एसी, कॅमेरा, सेटिंग सगळं अडकलेलं. ती काढून दुसरी बसवायला जागा नसते. झेनच्या डॅशबोर्डमधला खळगा मात्र 180 मिलिमीटर रुंद आणि 50 उंच, जर्मनांनी ठरवलेल्या आणि नंतर जगाने उचललेल्या मापाचा. म्हणून 2002 च्या गाडीत आजचा डेक सरळ आत जातो. जुन्या गाडीची ही श्रीमंती नव्या गाडीला नाही.

मग दाराची पाळी आली. काच खालीवर करायच्या हँडलमागे तारेची बारीक क्लिप असते. ती दिसत नाही आणि स्क्रू ड्रायव्हरने उचकटली की दाराचं आतलं पॅड फाटतं. फिटरने फडक्याची पट्टी हँडलमागे सरकवली, दोन्ही टोकं धरून पुढेमागे ओढली. कट् आवाज झाला आणि क्लिप त्याच्या तळव्यात. हँडलला ओरखडा नाही. डोअर पॅडच्या प्लास्टिक क्लिपा मात्र वयाने कडक झालेल्या. त्यांतल्या काही तुटणार हे गृहीत धरून नव्या आधीच काढून ठेवल्या होत्या.

पॅड सुटलं तसा दाराच्या पोटातून वास आला : ओली माती, गंजलेला पत्रा, कुजलेला फोम. खाडीच्या हवेत आणि पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीचा वास. 2018 च्या जुलैत वसई-विरार पाण्यात होतं तेव्हा ही झेनही दारांपर्यंत बुडाली होती, सर म्हणाले. जुन्या स्पीकरचा कागदी कोन कडेपासून सुटलेला. बोट लावताच फोमचा भुगा झाला. दाराच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती चिखलाने बुजलेली. त्याने तारेने ती मोकळी केली तेव्हा चमचाभर काळं पाणी जमिनीवर आलं.

पत्रा आणि पॅड यांच्यामध्ये कंपनीने एक पॉलिथिनचा कागद लावलेला असतो. काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी दाराच्या आतून खाली जातं. ते पॅडवर आणि गाडीत येऊ नये म्हणून तो कागद. घाईतला फिटर तो फाडून फेकतो. कुणाला कळत नाही, कारण वरून पॅड बसलं की दार पूर्वीसारखंच दिसतं. पुढच्या पावसाळ्यात पायाखालचं मॅट ओलं होतं, स्पीकर भिजतो आणि गिऱ्हाईक कंपनीला शिव्या देतो. या दारातला कागद अर्धा फाटलेला होता. त्याने जाड प्लास्टिकचा नवा कापला, कडेचा काळा चिकट गोंद हेअर ड्रायरने गरम केला आणि अंगठ्याने दाबत दाबत कागद चारही बाजूंनी बसवला. शिरत्या वायरीभोवती वेगळा दाबला. दुपारचं जेवण तसंच राहिलं होतं. या कामाचे पैसे बिलात कुठेच नव्हते.

तेवढ्यात एक तरुण आला. त्याला डिकीत बसट्यूब हवी होती, सिग्नलला शेजारच्याची काच थरथरली पाहिजे अशी. "किती वॉट?" फिटर म्हणाला, "आधी वायरिंग बघू." तरुण शेजारच्या दुकानात गेला. फिटरने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. धंद्याच्या हिशेबात हे शहाणपण आहे की हट्ट, मला सांगता येणार नाही. मला तो आवडला.

नवे स्पीकर दारातल्या जागेपेक्षा मोठे. पत्रा कापायला त्याने नकार दिला. कापलेली कड खाऱ्या हवेत गंजते. एमडीएफची रिंग दाराच्या ओलीत फुगते. म्हणून भाजी चिरायची प्लास्टिकची जाड पाटी घेऊन त्यातून रिंगा कापल्या. रिंग लावून स्पीकर नुसता धरला आणि सरांना काच पूर्ण खाली करायला सांगितली, मागचं मॅग्नेट काचेला लागतं का ते बघायला. करंगळीएवढं अंतर उरलं.

मग पेन्सिल सेल घेऊन स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवला. कोन बाहेर उडाला. पॉझिटिव्ह बाजू ठरली. दोन स्पीकरांपैकी एक जरी उलटा जोडला तर एक कोन बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो. खर्ज विरून जातो आणि आवाज नेमका कुठून येतोय ते कळेनासं होतं. तक्रार करायची तर काही बंद नसतं, नीट ऐकूही येत नसतं. सरांच्या जुन्या जोडणीत डावा स्पीकर उलटा होता. इतकी वर्षं.

जोडण्या डाखून झाल्या, डेक बसला, इंजिन चालू केलं. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक कुंईऽ चढत जायची. अर्थ जुन्या, रंगलेल्या बोल्टवर घेतलेला होता. त्याने बोल्ट सोडवून खालचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडला, वायर कसली. कुंई गेली.

पेनड्राइव्हवरचं पहिलं भजन लागलं. आवाज निम्म्याहून खाली होता. सरांनी डोकं पुढे न नेता ऐकलं आणि म्हणाले, "हा शब्द मी आजवर वेगळाच समजत होतो."

या धंद्यात पैसे दिसणाऱ्या वस्तूंचे मिळतात : डेक, स्पीकर, खोक्यावरचे पन्नास. ऐकू येतं ते न दिसणाऱ्या कामातून. खरवडलेला पत्रा, सुलटी जोडणी, दारातला कागद. त्या बावीस वॉटांतला प्रत्येक वॉट शेवटपर्यंत पोहोचवणं म्हणजे हे काम. आणि ते करणाऱ्याला गिऱ्हाईक विचारतं, मजुरी जास्त नाही का?

तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि टेप बसवायला टाकणार असाल, तर वॉट विचारू नका. कपलर न कापता जोडाल का, पिवळ्या वायरीवर फ्यूज आहे का, एवढं विचारा. आणि पॅड बसवायच्या आधी दाराच्या आत एकदा स्वतः डोकावा. कागद जागेवर असेल, तर मागितलेली मजुरी घासाघीस न करता द्या.