बांगडी अडण्याआधी माप घ्या

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसीकाग्रंथी काढल्या, की काही जणींचा हात पुढे सुजतो. कधी काही महिन्यांत, कधी कित्येक वर्षांनी. लसीकेची वाट अडते आणि द्रव हातातच साचत राहतो. हा लिम्फेडेमा. ब्लाउजची बाही दाटते, बांगडी मनगटावर अडते, तेव्हा तो लक्षात येतो. खरं तर साधी टेप त्याआधीच सांगू शकते.

माप घ्यायचं ते दोन्ही हातांचं. बांगड्या उतरवायच्या, हात टेबलावर पालथा ठेवायचा, मनगटाच्या हाडापासून दर दहा सेंटिमीटरवर पेनाने खूण करायची. टेप त्वचेला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. वापरून ताणलेली जुनी टेप नको. पुढच्या वेळी खुणा त्याच, वेळ तीच आणि जमल्यास माणूसही तोच.

दोन सेंटिमीटरचा फरक किरकोळ वाटतो. पण दहा सेंटिमीटर लांबीच्या भागाचा घेर एका टोकाला २४ आणि दुसऱ्या टोकाला २८ असेल, तर त्याचं आकारमान साधारण ५४० मिलिलिटर भरतं. तेच घेर २६ आणि ३० झाले, की ६२५. म्हणजे तेवढ्याशा भागात एका कटिंग चहाइतकी भर! पूर्ण हातात २०० मिलिलिटर किंवा दहा टक्के फरक ही निदानासाठी बरीच वापरली जाणारी मर्यादा आहे.

भरलेल्या भांड्यात हात बुडवून सांडलेलं पाणी मोजण्याची पद्धतही चांगली. त्यात टेपला न जमणारा पंजाही मोजला जातो. मात्र जखम असेल तर ती वापरू नये.

लिम्फेडेमा पायालाही होतो; विदर्भात हत्तीरोगाने सुजलेले पाय नवीन नाहीत. तिथे कित्येकदा दोन्ही पाय सुजलेले असतात. मग तुलना कुणाशी करणार? अशा वेळी त्याच पायाचं मागचं माप हाच आधार. म्हणून आकडा तारखेसह वहीत उतरवलाच पाहिजे.

हातांचंही तसंच. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा उजवा हात मुळातच थोडा भरलेला असतो. आधीचं माप नसेल, तर सूज कुठली आणि मूळची ठेवण कुठली, हे नंतर सांगणं अवघड जातं. शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल, तर दोन्ही हातांची मापं आधीच फाइलमध्ये नोंदवायला सांगा. संकोच करू नका.