मनाच्या दुखण्यावर बोलण्याचे औषध

ताप आला की थर्मामीटर लावता येतो. हाड मोडले की क्ष-किरणांनी ते पाहता येते. पण मनात बसलेली भीती पाहायची कशी? आणि केवळ बोलून ती बरी करायची कशी? गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाला अनेक उत्तरे मिळाली आहेत. त्यांतील चार प्रमुख उत्तरे आपण एकाच उदाहरणाला लावून पाहू या.

समजा, सोलापुरातील एका शाळेत दहावीत शिकणारी एक मुलगी आहे. घरी ती गणिते भराभर सोडवते. पण परीक्षेत प्रश्नपत्रिका हातात पडली की तिची छाती धडधडू लागते, तळहातांना घाम सुटतो आणि पाठ असलेली सूत्रेही आठवेनाशी होतात. सहामाहीत असे झाले, पूर्वपरीक्षेतही झाले. आता मार्चमधील बोर्डाच्या परीक्षेच्या नुसत्या विचाराने तिची झोप उडाली आहे. घरची माणसे म्हणतात, "त्यात घाबरायचे काय?" पण एवढ्याने भीती जात नाही.

पहिली वाट : मागे वळून पाहणे

व्हिएन्ना शहरातील डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांनी मनोविश्लेषणाची पद्धती सुरू केली. त्यांचे म्हणणे असे की, आपल्या मनाचा मोठा भाग आपल्यालाच ठाऊक नसतो. लहानपणीचे भय, राग, अपमान तेथे दडून बसतात आणि पुढे वेगळ्याच रूपाने बाहेर येतात. मनोविश्लेषक या मुलीला म्हणेल, "मनात येईल ते न गाळता बोल." बोलता बोलता कदाचित पूर्वीचे एखादे विसरलेले भय वर येईल. ही वाट लांबची आहे. फ्रॉइड यांच्या पद्धतीने आठवड्यातून अनेक बैठका होतात आणि उपचार काही वर्षेही चालतात.

दुसरी वाट : सवय मोडणे

वर्तनवादी शास्त्रज्ञ म्हणाले, "भीती ही शिकलेली सवय आहे. जे शिकता येते, ते विसरताही येते." १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी अमेरिकेत सशाला भिणाऱ्या एका लहान मुलावरील आपला प्रयोग प्रसिद्ध केला. मूल आवडीचा खाऊ खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणला जाई. शेवटी ते मूल सशाला हात लावू लागले. पुढे जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये याच तत्त्वावर उपचाराची पद्धतशीर मांडणी केली.

घाबरल्यावर आपल्या रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन हे संप्रेरक मिसळते. नाडी जलद होते, स्नायू ताठरतात. शरीर एकाच वेळी ताठर आणि सैल राहू शकत नाही, हे वोल्पे यांनी हेरले. म्हणून या मुलीला आधी स्नायू सैल सोडायला शिकवतील. मग भीतीच्या पायऱ्यांची यादी करतील : वेळापत्रक फळ्यावर लिहिले, परीक्षेचा दिवस उजाडला, घंटा झाली, प्रश्नपत्रिका हाती आली. शांतपणे बसून तिने एकेक पायरी मनात आणायची. खालची पायरी पचली, की मगच वरची.

तिसरी वाट : ऐकून घेणे

अमेरिकेतील कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांनी १९४२ साली समुपदेशनावर एक पुस्तक लिहिले आणि सल्ला देण्याच्या रीतीलाच धक्का दिला. माणसाला स्वतःची वाट सापडण्याची शक्ती त्याच्यातच असते, असे ते मानत. समुपदेशकाने खोटेपणा टाळावा, माणसाला आहे तसा स्वीकारावा आणि त्याच्या जागी उभे राहून समजून घ्यावे.

मुलगी म्हणेल, "नापास झाले तर बाबांना तोंड कसे दाखवू?" समुपदेशक म्हणेल, "गुण कमी पडले तर बाबांची माया कमी होईल, असे तुला वाटते का?" मुलगी क्षणभर थांबेल. भीती गणिताची नसून बाबांची माया गमावण्याची आहे, हे तिचे तिलाच उमगेल.

चौथी वाट : विचार तपासणे

अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. घटना आपल्याला थेट दुःखी करीत नाही. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपला विचार उभा असतो. महाराष्ट्रात ही पद्धती रुजवण्यात किशोर फडके यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून तिचा अभ्यास केला.

मुलीच्या मनातील वाक्य पाहा : "मला नव्वद टक्के मिळालेच पाहिजेत, नाहीतर मी कुचकामी." यातला 'च' मोठा खोडकर आहे! उपचारक विचारेल, "मिळालेच पाहिजेत, असा निसर्गाचा नियम आहे का? एका विषयात कमी गुण पडले, तर सगळे माणूस कुचकामी कसे ठरते?" मग ती नवे वाक्य घडवील : "नव्वद टक्के मिळाले तर फार चांगले. नाही मिळाले तर वाईट वाटेल, पण मी संपणार नाही."

कोणती वाट खरी?

१९६५ च्या एका गाजलेल्या चित्रपटात एकाच स्त्रीशी रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि एलिस या तिघांनी वेगवेगळे बोलणे केले. तिघांच्या रीतींतील फरक त्यात स्पष्ट दिसतो. पण एकेका भेटीवरून कोणती रीत गुणकारी, हे ठरत नाही.

मग ठरवायचे कसे? मंगळवेढ्याचा शेतकरी ज्वारीला नवे खत घालतो, तेव्हा शेजारी खत न घातलेला एक तुकडाही राखावा लागतो. नाहीतर पीक खताने वाढले की पावसाने, हे कळणार नाही. मनाचेही तसेच आहे. काही दुखणी काळाबरोबर आपोआप बरी होतात. १९५२ साली हान्स आयझेंक यांनी नेमकी हीच शंका काढली आणि मानसोपचारांच्या क्षेत्रात खळबळ उडाली.

१९७७ साली मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र मांडले. उपचार घेतलेला सरासरी माणूस उपचार न घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे ७५ जणांपेक्षा बऱ्या स्थितीत आढळला. म्हणजे बोलण्याच्या औषधाला गुण होता. पण निरनिराळ्या पद्धतींच्या गुणांत फार मोठा फरक दिसला नाही.

असे का व्हावे? अनेक संशोधकांच्या मते सर्व वाटांवर काही गोष्टी समान आहेत : विश्वास ठेवता येईल असे माणूस, बरे होण्याची आशा, आपल्या त्रासाचा पटणारा अर्थ आणि करायला काहीतरी ठोस काम. तरीही सगळ्या पद्धती सगळीकडे सारख्याच, असे समजू नका. कुत्र्याची, उंचीची अशी ठरावीक भीती घालवण्यास दुसऱ्या वाटेची पायरीपायरीने सामोरे जाण्याची रीत विशेष उपयोगी ठरते. काही गंभीर मानसिक आजारांत तर बोलण्याबरोबर औषधेही आवश्यक असतात. ती डॉक्टरच देऊ शकतात.

झोप उडणे, अभ्यास न सुचणे, जगणे नकोसे वाटणे हे वेडाचे लक्षण नाही, की आळसाचेही नाही. ते दुखणे आहे आणि त्यावर उपाय आहे. आई-वडिलांना किंवा विश्वासातील शिक्षकांना लगेच सांगा. सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्या 'सिव्हिल'मध्ये, मानसोपचार विभाग आहे. ऑक्टोबर २०२२ पासून देशभर 'टेलिमानस' ही सेवाही सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.

आणि एक छोटा प्रयोग आजच करून पाहा. ज्या गोष्टीची तुम्हाला धास्ती वाटते, तिच्याबद्दल मनात येणारे वाक्य कागदावर जसेच्या तसे लिहा. त्यात कुठे 'च' दडला आहे का, ते शोधा. सापडला तर तो काढून वाक्य पुन्हा लिहा. दोन्ही वाक्ये मोठ्याने वाचा आणि छातीवर हात ठेवून फरक पडतो का, ते पाहा.