पोलीस ठाणे आणि सरकारी अनुदान

जयपूर शहराच्या दक्षिण भागात, टोंक रोडला येऊन मिळणारा गोपालपुरा बायपास हा रस्ता आज शिकवणी-वर्गांचा रस्ता म्हणून ओळखला जातो. स्पर्धा-परीक्षांच्या तयारीसाठी राजस्थानच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेली हजारो मुले-मुली या परिसरात भाड्याच्या खोल्यांतून व वसतिगृहांतून राहतात. अशा वस्तीत पोलिसांचे काम वाढते, हे सांगावयास नको. रात्रीची गस्त, रस्त्यावरचे कॅमेरे, तक्रार नोंदवून घेणारी महिला कर्मचारी, हे सर्व हवे असते. आणि या प्रत्येक गोष्टीस पैसा लागतो. हा पैसा कोठून येतो व तो कोणी मागावयाचा असतो, हे सामान्य नागरिकास क्वचितच ठाऊक असते.

अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. तेथे सुमारे 18,000 स्वतंत्र पोलीस यंत्रणा आहेत आणि एखाद्या लहानशा गावाचे पोलीस खातेही संघसरकारकडे थेट अर्ज करू शकते. 1994 च्या कायद्यान्वये तेथे समाजाभिमुख पोलीस सेवेसाठी एक स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. नवे शिपाई नेमण्यासाठीसुद्धा ते अनुदान देते. मात्र ठरावीक वर्षांनंतर त्या शिपायांच्या वेतनाचा भार गावाने उचलावा, अशी अपेक्षा असते.

भारताची घडण निराळी आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक सुव्यवस्था व पोलीस हे विषय राज्यांच्या सूचीत येतात. पोलिसांचे वेतन, ठाण्यांचा नित्य खर्च आणि भरती ही राज्याची जबाबदारी होय. नगरपालिकेचे स्वतःचे पोलीस दल आपल्याकडे नाही. म्हणून गोपालपुऱ्याच्या परिसरातील कोणत्याही ठाण्याच्या प्रमुखास, ज्यास राजस्थानात थानाधिकारी म्हणतात, दिल्लीकडे अर्ज करता येत नाही. त्याने आपली गरज वरिष्ठांकडे मांडावयाची असते. जयपुरात 1 जानेवारी 2011 पासून पोलीस आयुक्तालयाची पद्धत आहे. त्यामुळे ही मागणी उपायुक्त व आयुक्त यांच्यामार्फत राज्याच्या पोलीस मुख्यालयाकडे जाते.

केंद्राचे साहाय्य मुख्यतः पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाच्या योजनेतून मिळते. ही योजना 1969-70 साली सुरू झाली. तिच्यासाठी प्रत्येक राज्य वार्षिक कृती-आराखडा तयार करते. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समिती तो तपासते आणि मग तो केंद्रीय गृह मंत्रालयापुढे जातो. मंजूर खर्चापैकी राजस्थान वा महाराष्ट्र यांसारख्या राज्यांत 60 टक्के वाटा केंद्राचा व 40 टक्के राज्याचा असतो. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी हे प्रमाण 90 व 10 असे आहे. शस्त्रे, दळणवळणाची साधने, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, प्रशिक्षणाची सामग्री अशा बाबी तीत येतात. 2021-22 ते 2025-26 या काळासाठी राज्यांच्या या साहाय्याकरिता 4,846 कोटी रुपये ठरविण्यात आले.

याखेरीज विशिष्ट हेतूंसाठी वेगळे निधी असतात. 2013 साली स्थापन झालेल्या निर्भया निधीतून पोलीस ठाण्यांमध्ये महिला मदत-कक्ष उभारण्यास साहाय्य मिळाले. याच निधीतील सुरक्षित शहर प्रकल्पासाठी मात्र प्रथम मुंबईसह आठ महानगरे निवडली गेली. जयपूर त्यांत नव्हते. अनुदानाची मागणी कितीही रास्त असली, तरी ती योजनेच्या चौकटीत बसावी लागते, हे यावरून ध्यानात येईल.

तथापि पैसा मंजूर होणे आणि तो ठाण्यापर्यंत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी होत. 2015-16 या वर्षी केंद्र व राज्ये यांनी मिळून आधुनिकीकरणासाठी 9,203 कोटी रुपये ठेवले होते. त्यांपैकी केवळ 14 टक्के खर्ची पडले. राजस्थानाविषयी नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2009 ते 2014 या काळाची तपासणी केली, तेव्हा आधुनिक शस्त्रांचा गरजेच्या मानाने 75 टक्के तुटवडा आढळला. त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट ही की, खरेदी केलेल्या शस्त्रांपैकी 59 टक्के शस्त्रे ठाण्यांना वाटलीच गेली नव्हती. तुटवडा असताना माल कोठारात पडून होता! येथे उणीव पैशाची नव्हती, व्यवस्थेची होती.

असे का घडते? राज्याने आपला वाटा वेळेवर दिला नाही, तर काम अडते. निविदा व खरेदी यांत महिने जातात आणि 31 मार्चला आर्थिक वर्ष संपते. आधीच्या रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र सादर झाल्यावाचून पुढील रक्कम सुटत नाही. म्हणजे एका वर्षाची दिरंगाई दुसऱ्या वर्षाचे अनुदानही अडवून धरते.

म्हणून चांगल्या मागणीस चांगला हिशेब हवा. कोणत्या चौकात, कोणत्या वेळी, कोणत्या प्रकारचे गुन्हे घडतात. हाताशी काय आहे व काय नाही. आणलेले यंत्र कोण चालवील व त्याच्या दुरुस्तीचा खर्च कोण करील, हे ठाण्याने लिहून दिले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 च्या निर्णयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला. परंतु बंद पडलेला कॅमेरा असून नसून सारखाच.

नागरिकांसही येथे स्थान आहे. राजस्थानात ठाण्याच्या पातळीवर पोलीस व नागरिक यांचे संपर्क-गट आहेत. शिकवणी-वर्गाहून रात्री खोलीवर परतणाऱ्या मुलीस कोणत्या गल्लीत दिवा नाही, हे मुख्यालयास ठाऊक नसते. ते तिला व तिच्या घरमालकास ठाऊक असते. अशी माहिती संपर्क-गटाच्या बैठकीत नोंदली गेली, तर ती ठाण्याच्या मागणीपत्रात येऊ शकते. आणि मंजूर झालेली रक्कम कोठे खर्च झाली, हे 2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यान्वये कोणाही नागरिकास विचारता येते.