साखर आणि हृदय (लेखांक ४) : वजन उतरलं, हृदयविकार टळला का?

मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर कसं खराब होत जातं, ते मागच्या लेखात पाहिलं. मग खाण्यापिण्यावर ताबा ठेवला, व्यायाम केला, तर हृदयविकाराचा झटका टळतो का? अमेरिकेत २००१ साली सुरू झालेल्या 'लुक अहेड' अभ्यासाने हाच प्रश्न घेतला होता. टाइप २ मधुमेह असलेले आणि वजन जास्त असलेले ५,१४५ जण त्यात होते. निम्म्यांना नेहमीचा सल्ला मिळाला. उरलेल्यांना मोजका आहार, आठवड्याला १७५ मिनिटं व्यायाम आणि वरचेवर गाठीभेटी.

वर्षभरात या दुसऱ्या गटाचं वजन सरासरी ८.६ टक्क्यांनी उतरलं. साखर, रक्तदाब सुधारला. तरीही २०१२ मध्ये अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. झटका, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू किंवा छातीत दुखून रुग्णालयात दाखल होणं, हे सगळं धरून आहार-व्यायामाच्या गटात ४०३ आणि नुसत्या सल्ल्याच्या गटात ४१८ जणांना त्रास झाला होता. हा फरक नसल्यातच जमा.

'व्यायाम करून काही होत नाही' असं म्हणणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. मला हा निष्कर्ष साफ चुकीचा वाटतो. नुसता सल्ला मिळालेल्या गटात कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या जास्त घेतल्या जात होत्या, म्हणजे त्यांच्याही हृदयाची राखण चालूच होती. शिवाय पहिल्या वर्षीचं वजन पुढे बरंचसं परत आलं. शेवटी घट उरली ती ६ टक्के. नुसत्या सल्ल्याच्या गटाचीही तोवर साडेतीन टक्के झाली होती. पुढे केलेल्या विश्लेषणात, पहिल्याच वर्षी ज्यांचं वजन १० टक्के किंवा त्याहून जास्त उतरलं, त्यांच्यात हृदयाचा धोका सुमारे २१ टक्क्यांनी कमी दिसला. हा पुरावा पक्का म्हणता येत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. मूत्रपिंडाचे गंभीर विकारही व्यायाम करणाऱ्या गटात कमी झाले. औषधं कमी लागली, हालचाल सुधारली.

'लुक अहेड'चा सगळा भर उष्मांक आणि चरबी कमी करण्यावर होता. स्पेनमधल्या 'प्रेडिमेड' अभ्यासात वजनाचा आग्रहच नव्हता. तिथे भाज्या, कडधान्यं, मासे आणि त्यांच्या जोडीला भरपूर ऑलिव्ह तेल किंवा रोज ३० ग्रॅम अक्रोड-बदाम. सहभागींपैकी जवळपास निम्म्यांना मधुमेह होता. गटवाटपातल्या चुकांमुळे पहिला निबंध मागे घेऊन २०१८ मध्ये तो नव्याने छापावा लागला, पण निष्कर्ष तोच राहिला : हृदयविकार आणि पक्षाघात मिळून धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी. ताटातून काय काढलं याइतकंच ताटात काय वाढलं हेही महत्त्वाचं. महागडं ऑलिव्ह तेल आणायची गरज नाही. भाताची दुसरी वाढ सोडून मुगा-मटकीची उसळ जास्त घ्यावी, चहाबरोबरच्या फरसाणाऐवजी मूठभर बिनमिठाचे शेंगदाणे खावेत, लोणचं-पापड रोज पानात नसावं.

चालण्याची वेळही बघावी. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने २०१६ मध्ये छापलेल्या छोट्या अभ्यासात टाइप २ मधुमेही प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं चालले. दिवसातून कधीतरी एकदम ३० मिनिटं चालण्यापेक्षा जेवणानंतरची साखर १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. आपली शतपावली थोडी लांबवली की झालं.

दोन गोष्टी मात्र जपा. वजन उतरलं म्हणून रक्तदाबाच्या किंवा स्टॅटिनच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. आणि मधुमेहात हृदयविकार छातीत न दुखताही येतो. म्हणून चालताना नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, दरदरून घाम आला किंवा जबडा, खांदा भरून आला, तर तिथेच थांबा आणि लगेच, वेळ न घालवता डॉक्टरांना गाठा.