आकाशातून औषध आले, तर उतरवून कोण घेणार?

फवारणीचा ड्रोन आता तुमच्या ओळखीचा झाला आहे. धुऱ्यावर उभे राहून आपण तो सोयाबीनवर, तुरीवर फिरताना पाहतो. पण उद्या तोच औषधाचे खोके घेऊन गावावर आला, तर? मालेगाव तालुक्यातल्या कोणत्याही पारावर विषय काढून पाहा. "आलं तर बरंच हाये बाप्पा," एक म्हणेल. "अन् डोक्यावर पडलं त?" दुसरा विचारील. दोघांचेही खरे आहे.

आपल्याच राज्यातले उदाहरण घ्या. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या जव्हारहून झाप या दुर्गम गावी कोरोनाच्या ३०० लसी ड्रोनने पोचल्या. सुमारे २० किलोमीटरचे अंतर, वेळ लागला नऊ-साडेनऊ मिनिटे.

आता दुसरी बाजू. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना भागांतल्या गावांवर रात्री ड्रोन दिसल्याच्या तक्रारी आल्या. चोर टेहळणी करतात अशी आवई उठली, लोकांनी रात्र-रात्र गस्त घातली. यंत्राची जात एकच. झापला ते कोणाचे आणि कशासाठी हे ठाऊक होते. इकडे कोणालाच काही ठाऊक नव्हते. भीती तिथूनच उपजते. अशा भीतीत उद्या कोणी दगड भिरकावला आणि त्या खोक्यात साप चावल्यावरची इंजेक्शने असली, तर नुकसान कोणाचे?

कायद्याने काही सोय केली आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार, अगदी लहान म्हणजे २५० ग्रॅमपर्यंतचे सोडले, तर ड्रोनला ओळख क्रमांक आणि दुसऱ्याच्या नुकसानभरपाईचा विमा लागतो. कोणी सेवा घेऊन गावात आला, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आधी हे दोन कागद मागावेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. धो-धो पाऊस आणि सोसाट्याचा वारा असला, की ड्रोनची अडचण होते. साप चावण्याचे दिवसही नेमके तेच. शिवाय ते इंजेक्शन घरी टोचण्यासारखे नाही, त्याला डॉक्टरच पाहिजे. तेव्हा ड्रोन येईल या भरवशावर आरोग्य केंद्रातला साठा आणि गावचा रस्ता विसरून कसे चालेल?

म्हणून सरपंच मंडळी, येत्या ग्रामसभेत एवढे ठरवून ठेवा: ड्रोन कुठे उतरेल, सामान सही करून कोण घेईल, बिघडले-हरवले तर जाब कोणाला विचारायचा, आणि येण्याच्या आदल्या दिवशी दवंडी कोण देईल. शाळेचे पटांगण सोयीचे वाटेल. पण पोरे सुटायच्या वेळेला नको.

नवे यंत्र आले की आपण एक तर पाया पडतो, नाही तर दगड मारतो. या खेपेला आधी चार प्रश्न विचारू या.